सूर्याचा अग्नी आणि जेऊरचा माळ

(मोहोळ येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी "एखाद्या शास्त्रीय विषयावर, परंतु लहानथोर सर्वांस उमजेल असे, चार शब्द बोलावेत" अशी आज्ञा मला केली. विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी दिली होती. परंतु खरे सांगावयाचे तर माझ्या मामांनी तो अगोदरच निवडून ठेवला होता. त्याची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

1989 साली गुजराथेत गांधीनगरजवळ भाट या गावी, प्लाझ्मा संशोधन संस्थेत, 'आदित्य' नावाचे एक यंत्र सुरू झाले. सूर्याच्या पोटात जी क्रिया चालते ती पृथ्वीवर साधण्याच्या दिशेने आपल्या देशाने टाकलेले ते पाऊल होते. मी तेव्हा शाळेत शास्त्र शिकवीत असे. वय तिशीचे, अंगात उत्साह पुष्कळ आणि वर्तमानपत्रावर विश्वास त्याहून पुष्कळ. त्या वर्षीच्या आपल्या संमेलनात मी उभा राहिलो आणि छातीठोकपणे सांगितले की, येत्या वीस वर्षांत समुद्राच्या पाण्यापासून वीज निघेल, आणि ती आपल्या शेतापर्यंत येईल. टाळ्या चांगल्या पडल्या.

गेल्या लग्नसराईत एका पंगतीत मामा माझ्या शेजारी बसले होते. त्यांचे वय आता पंचाऐंशीच्या घरात आहे. जमीन सीनेच्या काठी आहे. भाताची मूद मोडता मोडता ते म्हणाले, "काय रं मास्तरा, तुझी ती समिंदराच्या पाण्याची लाईट कुटवर आली? आमी अजून रातच्यालाच दारं धरायलाव."

पंगतीत हशा पिकला. मीही हसलो. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. पौषातल्या थंडीत, बॅटरीच्या उजेडात, विंचूकिरडू चुकवीत ज्याने जन्मभर रात्री उसाला पाणी दिले, त्याने माझा शब्द पस्तीस वर्षे ध्यानात ठेवला होता, आणि मी तो विसरून गेलो होतो. मामा आज पहिल्याच रांगेत बसले आहेत. तेव्हा आजचे हे व्याख्यान म्हणजे एका थकलेल्या देण्याचा हिशेब आहे, असे समजून आपण ते ऐकावे.

हा अग्नी कसला आहे हे समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. मोहोळहून पुण्याच्या गाडीत बसले की माढा, कुर्डुवाडी, केम आणि मग जेऊर लागते. आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले ते स्टेशन. 22 जानेवारी 1898 रोजी दुपारी त्या जेऊरच्या माळावरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगचे दिवस होते. तरीही अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन जेऊरला उतरले. पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपली उपकरणे घेऊन आले. नेगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याकडे होती. त्यांनी जेऊरच्या वेधांचा अहवाल पुढे छापून प्रसिद्ध केला. इतका सारा खटाटोप सुमारे दोन मिनिटांच्या काळोखासाठी. त्या दोन मिनिटांत काळ्या बिंबाभोवती मोत्यासारखा शुभ्र प्रभामंडळ दिसतो. जेऊरच्या गुराख्यांनीही तो पाहिलाच असणार.

तो प्रभामंडळ म्हणजे काय, हे त्या दिवशी माळावर जमलेल्या विद्वानांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या वर्णपटातली एक हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून एखादे नवेच मूलद्रव्य तेथे असावे असे लोक मानीत. उलगडा 1940 च्या सुमारास झाला. जर्मनीतील ग्रोट्रियान व स्वीडनमधील एडलेन यांनी दाखविले की, ती रेषा आपल्या नित्याच्या लोखंडाचीच आहे. मात्र त्या लोखंडाच्या अणूवरील 26 इलेक्ट्रॉनांपैकी 13 उडून गेलेले आहेत. इतके इलेक्ट्रॉन उडावयाचे तर तेथील उष्णमान दहा लाख अंशांच्या घरात असले पाहिजे.

येथे आपल्या विषयाचा पहिला शब्द येतो. बर्फ तापविले की पाणी होते, पाणी तापविले की वाफ होते. वाफ किंवा कोणताही वायू याहूनही पुष्कळ तापविला तर अणूंची एकमेकांशी इतकी जोराची टक्कर होते की त्यांचे इलेक्ट्रॉन सुटून मोकळे होतात. धन विद्युत असलेले अणुगर्भ वेगळे आणि ऋण विद्युत असलेले इलेक्ट्रॉन वेगळे, असा तो उकळता रस्सा होय. त्यास प्लाझ्मा म्हणतात. किती उष्णतेला कोणत्या वायूचे किती अणू असे फुटतील, याचे गणित 1920 साली आपल्या मेघनाद साहांनी मांडले, आणि साऱ्या जगातील ज्योतिर्विदांनी ते उचलून धरले. सूर्य सबंध प्लाझ्माचा आहे. वीज कडाडते तेव्हा आकाशात क्षणभर प्लाझ्माच असतो. इतकेच नव्हे, या मंडपात वर ज्या नळ्या जळत आहेत त्यांच्या पोटातही विरळसा प्लाझ्मा आहे. जेऊरला लोक जे पाहावयास जमले होते ते प्लाझ्माच होते. फक्त नाव त्यांस माहीत नव्हते, कारण या अर्थाने तो शब्द 1928 साली रूढ झाला.

जाता जाता एका लाडक्या समजुतीला धक्का लावतो, त्याबद्दल क्षमा असावी. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला असे आपल्याकडे पुष्कळदा सांगतात. घटना अशी आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट प्रथमच नीट पाहण्यात आला. फ्रान्सचे जान्सेन तेव्हा आंध्रात गुंटूर येथे होते, आणि जॉन हर्शेल हे इंग्रज अधिकारी आपल्या शेजारी जमखंडीस होते. नॉर्मन लॉकियर मात्र त्या वर्षी इंग्लंडातच होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ग्रहणावाचूनच त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि त्यातील पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही द्रव्याची नसावी असे ठरविले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्यास हेलियम म्हणू लागले. 1895 साली रॅम्से यांस ते पृथ्वीवर सापडले. लॉकियर विजयदुर्गास आले ते 1898 साली, जेऊरच्या त्याच ग्रहणासाठी. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होतो असे मला वाटत नाही. परंतु तीस वर्षांचे अंतर ते अंतरच.

हेलियमची एवढी कथा सांगितली, कारण हेलियम ही सूर्याच्या चुलीतली राख आहे. सूर्यात हायड्रोजनाच्या चार अणुगर्भांपासून अनेक पायऱ्यांनी हेलियमचा एक अणुगर्भ तयार होतो. हेच संमीलन. हजार ग्रॅम हायड्रोजनाचे संमीलन झाले तर हेलियम 993 ग्रॅमच भरते. उरलेले सात ग्रॅम कोठे गेले? त्यांची ऊर्जा झाली. ॲस्टन यांनी 1920 च्या सुमारास अणूंची वजने बारकाईने करून ही तूट दाखविली, आणि एडिंग्टन यांनी लगेच ओळखले की सूर्याचे दिवाळे अब्जावधी वर्षे का निघाले नाही याचे उत्तर या तुटीत आहे. सूर्य दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन वापरतो, आणि त्यातील 42 लाख टनांच्या आसपास द्रव्याचे ऊर्जेत रूपांतर होते. तारापूरला 1969 पासून जी अणुवीज निघते तिची क्रिया याच्या उलट आहे. तेथे युरेनियमचा जड अणुगर्भ फुटतो. त्यास विखंडन म्हणतात.

आता अडचण पाहा. दोन अणुगर्भ जुळवावयाचे तर दोहोंवरही धन विद्युत. लोहचुंबकाची सारखी टोके जशी एकमेकांस दूर लोटतात, तसे ते लोटतात. हा मधला डोंगर ओलांडावयास प्रचंड वेग हवा, आणि वेग म्हणजेच उष्णता. गंमत अशी की, सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश उष्णमान असूनही ते या डोंगराच्या माथ्यावर चढण्यास पुरत नाही. मग संमीलन होते कसे? 1928 साली गॅमो यांनी व पुढच्या वर्षी ॲटकिन्सन व हाउटरमान्स यांनी दाखविले की, अतिसूक्ष्म कणांना डोंगर चढावाच लागतो असे नाही. खंडाळ्याच्या घाटात गाडी जशी बोगद्यातून पलीकडे जाते तसे क्वचित एखादे अणुगर्भही मधून पार होतात. क्वचित म्हणजे किती? सूर्याच्या गाभ्यातील एक घनमीटर जागेत तीनशे वॅटांच्या आतच उष्णता निर्माण होते. आपल्या शेतातला चांगला तापलेला उकिरडा घेतला तर तोही एवढी उष्णता देतो. सूर्य एवढा तळपतो तो त्याच्या आकारामुळे. एवढा अफाट उकिरडा, आणि तो दाबून धरावयास स्वतःचेच गुरुत्वाकर्षण!

माणसाला सूर्याची नक्कल करून चालणार नाही, हे यावरून उघड होते. उकिरड्याच्या वेगाने चालणारे विद्युतगृह कोणाच्या उपयोगाचे? म्हणून शास्त्रज्ञांनी अधिक चपळ इंधन निवडले. हायड्रोजनाचे दोन भाऊबंद आहेत. त्याच्या गर्भात एक न्यूट्रॉन अधिक असला तर ड्यूटेरियम, दोन अधिक असले तर ट्रिटियम. या दोघांचे संमीलन झाले की एक हेलियमचा गर्भ व एक न्यूट्रॉन निघतो. मिळालेल्या ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश न्यूट्रॉन घेऊन जातो, आणि एक पंचमांश हेलियमपाशी राहते. यासाठी सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, म्हणजे 15 कोटी अंशांच्या आसपास उष्णमान लागते.

मामांच्या हिशेबात सांगतो. या मिश्रणाच्या एका ग्रॅममधून सुमारे 94 हजार युनिट उष्णता निघते. चांगल्या प्रतीचा 11 टन कोळसा जाळावा तेव्हा तेवढी मिळेल. तिच्यातील एक तृतीयांशाची वीज झाली असे धरले, तर 5 अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास याप्रमाणे हजार रात्री चालेल. एका ग्रॅमवर! मी 1989 साली भुललो तो या गणिताला, आणि हे गणित आजही चुकलेले नाही.

समुद्राचे पाणी म्हणालो होतो तेही अतिशयोक्त नव्हते. कोणत्याही पाण्यात दर घनमीटरला सुमारे 33 ग्रॅम ड्यूटेरियम असते. समुद्रापर्यंत जावयाचेही कारण नाही. उजनी काठोकाठ भरली तर तिच्यात लाखभर टन ड्यूटेरियम असते. ते वेगळे करण्याची विद्या आपल्यापाशी आहे. रायगड जिल्ह्यातील थळ येथे जड पाण्याचा कारखाना 1987 पासून आहे. परंतु त्या वेळी मी ट्रिटियमविषयी अवाक्षर काढले नव्हते. हे द्रव्य निसर्गात जवळजवळ नाहीच. ते किरणोत्सर्गी आहे, आणि सव्वाबारा वर्षांत निम्मे नाहीसे होते. ते लिथियमपासून तयार करावे लागते, आणि तेही त्याच भट्टीच्या भिंतीत, तिच्यातूनच निघणाऱ्या न्यूट्रॉनांच्या साहाय्याने. म्हणजे विरजण संपण्यापूर्वी दही लागले पाहिजे, असा हा संसार आहे. पुऱ्या प्रमाणावर हे अद्याप कोणीही करून दाखविलेले नाही.

मग 15 कोटी अंशांचा हा रस्सा ठेवावयाचा कशात? कोणतेही भांडे चार हजार अंशांच्या आसपास वितळते. उत्तर असे की तो भांड्याला लागू द्यावयाचाच नाही. प्लाझ्मातील कण विद्युतभारित असल्यामुळे चुंबकीय क्षेत्रात ते सरळ जात नाहीत. क्षेत्ररेषेभोवती, खांबावर वेल चढावा तसे, गोल गोल फिरत पुढे जातात. क्षेत्ररेषेची दोन्ही टोके मोकळी ठेवली तर तेथून ते निसटतात. म्हणून टोके जोडून तिचे कंकण करावयाचे. परंतु कंकणाच्या आतल्या बाजूस चुंबकीय क्षेत्र बळकट आणि बाहेरच्या बाजूस दुबळे पडते, आणि तेवढ्यामुळे कण हळूहळू भिंतीकडे सरकतात. यावर तोडगा म्हणून त्या रेषांना सुतळीसारखा पीळ द्यावयाचा. प्लाझ्मातूनच लाखो अँपिअर विद्युतप्रवाह वाहवला की हा पीळ आपोआप पडतो. ही कल्पना 1950 च्या आसपास सोव्हिएत रशियात साखारोव्ह व ताम यांनी मांडली. अशा यंत्रास टोकामाक म्हणतात. 1968 साली रशियनांनी आपल्या यंत्रातील उष्णमानाचे आकडे जाहीर केले तेव्हा पश्चिमेकडील लोकांचा विश्वास बसेना. 1969 साली इंग्रज शास्त्रज्ञ स्वतःची उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले, मोजले, आणि आकडे खरे ठरले. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे घडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

येथे एक भीती दूर करतो. "एवढी उष्णता, मग स्फोट झाला तर?" असा प्रश्न हटकून येतो. टोकामाकमधील प्लाझ्मा आपल्या हवेहून लक्षावधी पट विरळ असतो. जगातील सर्वांत मोठ्या टोकामाकमध्येही एका वेळी एक ग्रॅमहून कमीच इंधन असेल. काही बिघडले तर प्लाझ्मा भिंतीला लागतो, निवतो आणि विझतो. यंत्राची नासाडी होऊ शकते, गावाची नाही.

तो पेटवणे कठीण नाही; पेटलेला टिकविणे कठीण आहे. ओल्या पाचटाचा ढीग पेटविण्याची ज्यांनी कधी खटपट केली असेल त्यांना हे लगेच कळेल. काडी लावली की पेट घेतो, धूर होतो, आणि विझतो. कारण जितकी उष्णता निर्माण होते तीहून अधिक वाऱ्यावर जाते. लॉसन या इंग्रज अभियंत्याने 1955 साली याचा नियम बसविला. उष्णमान किती, कण किती दाट, आणि उष्णता किती वेळ टिकते, या तिघांचा गुणाकार ठराविक मर्यादेपुढे गेला तरच आग स्वतःच्या बळावर जळेल. मर्यादा गाठली की हेलियमपाशी राहिलेली एक पंचमांश ऊर्जाच प्लाझ्माला तापवीत ठेवते, आणि बाहेरून तापवावे लागत नाही. मधे आडवी येते ती प्लाझ्माची खोड. त्यात भोवरे उठतात, लाटा उठतात, आणि टिकवून धरलेली उष्णता ते सेकंदाच्या आत कडेला नेऊन टाकतात. गेली सत्तर वर्षे या क्षेत्रातील बहुतेक बुद्धिमत्ता त्या भोवऱ्यांशी झगडण्यात खर्ची पडली आहे.

1955 सालीच जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी जागतिक परिषद भरली होती. अध्यक्ष होते आपले होमी भाभा. त्यांनी भाषणात असे भाकीत केले की, संमीलनाची शक्ती ताब्यात आणण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल. ती मुदत 1975 साली संपली. भाभा त्यापूर्वीच, 1966 च्या विमान अपघातात गेले. मी 1989 साली त्याच वीस वर्षांचा पुनरुच्चार केला. भाभांपाशी निदान हे सांगण्याचा अधिकार होता. मी तर केवळ ऐकलेले पुढे सांगितले. 'आदित्य' चे प्लाझ्मा तेव्हा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास टिकत, आणि त्यात संमीलन घडवावयाचे नव्हतेच; प्लाझ्माची वागणूक शिकावयाची होती. हे मला तेव्हाही वाचावयास मिळाले असते. मी वाचले नाही.

त्यानंतर काय झाले तेही सांगावयास हवे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ कलहॅम येथे 'जेट' नावाचा मोठा टोकामाक होता. 2023 साली, बंद होण्यापूर्वीच्या अखेरच्या प्रयोगांत, त्याने 0.2 मिलिग्रॅम इंधनातून 69 मेगाज्यूल ऊर्जा दिली. आपल्या मीटरवर ही 19 युनिटे होतात. यंत्र चालविण्यास याहून पुष्कळ अधिक वीज लागली, हे ओघानेच आले. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये वेगळी रीत चालते: मिरीएवढ्या गोळीवर चहूबाजूंनी लेसर किरणांचा मारा करून ती चिरडावयाची. तेथे 5 डिसेंबर 2022 रोजी गोळीवर 2.05 मेगाज्यूल टाकले आणि 3.15 मेगाज्यूल निघाले. गुंतविल्याहून अधिक मिळाले, असे प्रथमच घडले, आणि जगभर मथळे झळकले. परंतु ते लेसर पेटविण्यास तारेतून सुमारे 300 मेगाज्यूल ओढले होते. म्हणजे 83 युनिटे खर्चून एक युनिटही हाती आले नाही. शास्त्र म्हणून तो दिवस थोर होता. व्यवहार म्हणून अजून दुकान उघडलेले नाही. टिकण्याच्या बाबतीत मात्र प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी आहे. फ्रान्समधील 'वेस्ट' या यंत्राने फेब्रुवारी 2025 मध्ये प्लाझ्मा 1337 सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक काळ धरून ठेवला.

सर्वांत मोठी उभारणी दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश येथे चालली आहे. तिचे नाव आयटर. युरोप, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार. अनिल काकोडकर अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष असताना, डिसेंबर 2005 मध्ये भारतास प्रवेश मिळाला. 2006 साली पॅरिसला करार झाला. आपला वाटा सुमारे नऊ टक्के, आणि तो मुख्यतः वस्तुरूपाने द्यावयाचा. आयटर-इंडियाचे प्रकल्प संचालक म्हणून काही वर्षे शिशिर देशपांडे यांनी काम पाहिले. भारताने दिलेल्या वस्तूंपैकी एकीचे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही. तेथील चुंबक उणे 269 अंशांना गार ठेवावे लागतात, आणि त्यांच्यापासून काही मीटरांवर 15 कोटी अंशांचा प्लाझ्मा असावयाचा. हे सारे ज्यात बसते तो पोलादी थर्मॉस सुमारे 29 मीटर उंच, तितकाच रुंद आणि 3,850 टनांचा आहे. तो लार्सन अँड टुब्रोने सुरतेजवळ हजीरा येथे सुट्या भागांत घडविला. 2020 साली शेवटचे भाग रवाना झाले. एवढा मोठा निर्वात थर्मॉस जगात दुसरा नाही.

आयटरने 50 मेगावॅट उष्णता प्लाझ्मात घालून 500 मेगावॅट उष्णता काढावी, असा संकल्प आहे. उष्णता म्हणतो, वीज नव्हे. वीज काढण्याची सोयच तेथे नाही. काम फार रखडले आहे. 2024 साली जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे प्रयोगांस 2034 साली आरंभ होईल, आणि खऱ्या इंधनाचे प्रयोग 2039 साली. तेही यशस्वी झाल्यावर वीज देणारे यंत्र बांधावयाचे. त्याच्या भिंती न्यूट्रॉनांच्या माऱ्यास किती वर्षे टिकतील, आणि त्या किरणोत्सर्गी झाल्यावर बदलावयाच्या कशा, हे प्रश्न शिल्लक आहेतच. काही खासगी कंपन्या याहून लवकरच्या तारखा सांगतात. एकदा तोंड भाजल्यामुळे मी त्या तारखांचा पुनरुच्चार येथे करीत नाही.

तेव्हा मामा, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. ती वीज आलेली नाही. आपल्या हयातीत येणार नाही, आणि माझ्या हयातीतही येईलसे वाटत नाही. मी वीस वर्षे म्हणालो ते चूक होते. त्याबद्दल या सभेत, जेथे म्हणालो तेथेच, मी आपली माफी मागतो.

मामांनी या उत्तराची वाट पाहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या धाकट्या नातवाने गेल्या वर्षी विहिरीवर सौर पंप बसविला. सकाळी नऊदहाच्या सुमारास पाणी सुरू होते, आणि मामा बांधावर खुर्ची टाकून बसतात. विचार केला तर ती संमीलनाचीच वीज आहे. भट्टी तेवढी पंधरा कोटी किलोमीटरांवर. पावसाळी आभाळात पंप कुरकुरतो, रात्री बंद पडतो, आणि साखर कारखाना किंवा सोलापूरची गिरणी त्यावर भागणार नाही. आहेरवाडी-फताटेवाडीचे 1320 मेगावॅटचे औष्णिक केंद्र अजून कोळशावरच चालते, आणि तो कोळसा रेल्वेने दुरून येतो. कायमचा, रात्रंदिवस चालणारा, धूर नसलेला अग्नी कोठून आणावयाचा, हा प्रश्न सौर पंपाने मिटत नाही. म्हणून भाट आणि कादाराश येथील काम थांबवावे असेही मला वाटत नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे आणखी एका रूपाने आला. आपल्याच एका कुटुंबातील मुलगी पदार्थविज्ञान घेऊन एम. एस्सी. करीत आहे. तिने विचारले, "काका, मी प्लाझ्माच्या संशोधनात जाऊ का? तुमच्यासारखी फसणार तर नाही ना?" घरच्यांचा ओढा बँकेच्या परीक्षेकडे आहे, आणि त्यांस मी दोष देत नाही. मी तिला हाच सारा हिशेब सांगितला. 2039 साली ती चाळिशीच्या आतच असेल. अतिशीत चुंबक, निर्वात पात्रे, न्यूट्रॉन सोसणारी पोलादे ही विद्या जो शिकेल त्यास संमीलनाचे यंत्र उशिरा आले तरी रुग्णालयातील स्कॅनच्या यंत्रापासून उपग्रहापर्यंत काम मिळते. परंतु आपल्या हयातीत वीज पाहण्याचे वचन घेऊन तिने जाऊ नये. ती वचने मी वाटून चुकलो आहे. तिने भाटच्या संस्थेसाठी अर्ज केला आहे. निकाल यावयाचा आहे.

फार वेळ घेतला. जेवणाची ताटे मांडली जात असल्याचे मला येथून दिसते. जेवणापूर्वी ज्यांना रस असेल त्यांनी, विशेषतः मुलांनी, शेजारच्या खोलीत यावे. तेथे विजेची एक नळी आणि जुन्या ध्वनिवर्धकातून काढलेला मोठा लोहचुंबक ठेवला आहे. चुंबक नळीजवळ नेला की आतला उजेड जागच्या जागी थरथरतो. एक जुनी सीडीही ठेवली आहे. तिच्यावर नळीचे प्रतिबिंब तिरके धरून पाहिले की रंगांचे सलग इंद्रधनुष्य न दिसता वेगवेगळे पट्टे दिसतात. जेऊरच्या माळावर कॅम्पबेल व नेगमवाला यांनी सूर्याच्या उजेडाची हीच चौकशी केली होती. चुंबक मात्र मोबाईलपासून आणि मनगटावरील घड्याळांपासून दूर ठेवावा.